मेश्राम काकांनी ठेवलेला घास

आमचं सहलींचं ऑफिस नागपुरात धंतोलीत होतं. वर दवाखाना, खाली दवाखाना, समोर औषधांची दुकानं. त्यामुळे माझ्या नोकरीची निम्मी वर्षं "पॅथॉलॉजी वरच्या मजल्यावर" हे सांगण्यात गेली. एकदा यवतमाळकडचा एक माणूस हातातली तपासणीची बाटली माझ्या टेबलावर ठेवून भिंतीवरच्या बर्फाच्या डोंगराच्या चित्राकडे पाहत शांत बसून राहिला. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "रिपोर्ट कधी भेटते?" मी म्हणाले, "दादा, इथं फक्त युरोप भेटते." त्याने बाटली उचलली आणि जाताना माझ्याकडे असं पाहिलं, जणू वेडी मीच आहे.

टूर मॅनेजरची नोकरी म्हणजे फुकटात जग पाहणं, असं माझ्या सगळ्या नातेवाइकांचं ठाम मत होतं. जग मी पाहिलं हे खरं, पण बसच्या पुढच्या काचेपाशी उभी राहून, आणि तेही मागे तोंड करून. आमचं खरं काम तीन गोष्टींचं. डोकी मोजायची, संडास शोधायचे आणि जेवण घालायचं. पहिल्या दोन गोष्टी सरावाने जमतात. तिसरी कोणालाच जमत नाही. माणूस घरचं सगळं मागे सोडून विमानात चढतो, फक्त जीभ तेवढी सोबत घेऊन येतो. इतवारीतले एक व्यापारी व्हॅनिला आइस्क्रीमवर घरचं तिखट भुरभुरवायचे. महाल भागातल्या एक बाई प्रत्येक देशात साबुदाण्याची चौकशी करायच्या आणि "नाही" असं उत्तर आलं की मोठ्या समाधानाने पिशवीतून भगर काढायच्या.

या धंद्यात एक नियम कुठे लिहिलेला नसतो. टूर मॅनेजर शेवटी जेवतो. आधी सगळ्यांना पानं मिळाली का, शाकाहारी टेबलावर मांसाहारी भांडं गेलं का, कोणाच्या सूपमध्ये काय निघालं, हे सगळं निस्तरेपर्यंत बस सुरू झालेली असते. मी कित्येक देशांत स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून हातात ब्रेड घेऊन जेवले आहे. तक्रार नाही. घरीही काही वेगळं चाललेलं नव्हतं.

दिवाळी अंकाच्या संपादकांना माझ्याकडून फजितीचे किस्से हवे आहेत. ते पुष्कळ आहेत, पण दिवाळीच्या फराळाचं ताट पुढे आलं की मला दरवेळी एकच जेवण आठवतं. त्या जेवणात कोण कोणाला काय म्हणत होतं हे मला तेव्हा कळलं नव्हतं, आणि आजही सगळं कळलंय असं मी म्हणणार नाही.

मेश्राम काका नागपुरातल्याच इंदोऱ्याचे. पोस्टातून निवृत्त झालेले. जपानच्या सहलीचं नक्की करायला दोघं नवरा-बायको आले होते, पण बोलत होत्या त्या शकुंतलाबाईच. आमच्या पत्रकात एका मोठ्या बुद्धमूर्तीचं चित्र होतं. डोक्यावर छप्पर नाही, मागे नुसत्या टेकड्या. त्या चित्रावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "पाण्यापावसातही असेच बसून राहतात का हे?"

"हो, उघड्यावरच आहे मूर्ती."

"मंग पाहाच लागते," त्या म्हणाल्या. काकांनी नुसती मान हलवली.

व्हिसाचे कागद तयार होण्याआधीच शकुंतलाबाई गेल्या. झोपेतच. काका एकटेच ऑफिसला आले तेव्हा मला वाटलं, रद्द करायला आले असतील. मी तसा कागदही काढला. ते म्हणाले, "मी जातो, ताई. ती म्हणाली होती जायचं." एवढंच बोलून दोन्ही पासपोर्ट टेबलावर ठेवले, मग त्यातला एक उचलून परत खिशात घातला.

जपानात उतरल्यापासून हा माणूस जेवेना. हॉटेलात सकाळी पाच-पन्नास पदार्थ मांडलेले असायचे. काका ताटली घेऊन त्यांच्यापुढून चालत जायचे आणि रिकामी ताटली घेऊन परत यायचे. मी लोणचं काढलं, मेतकूट काढलं, शेंगदाण्याची चटणी काढली. "राहू द्या, मन नाही," एवढंच उत्तर. डायबेटिसची गोळी मात्र वेळेवर घेत. गोळी घ्यायची आणि जेवायचं नाही, याचा शेवट काय होतो हे धंतोलीत आयुष्य काढलेल्या बाईला सांगावं लागत नाही. आणि तो झालाच. एका स्टेशनच्या जिन्यावर काका घामाने डबडबून खाली बसले. मी तोंडात साखर कोंबली, तेव्हा कुठे डोळे उघडले.

मी ऑफिसला फोन केला. तिकडून स्पष्ट सांगितलं गेलं, की उद्यापर्यंत माणूस खायला लागला नाही तर परत पाठवा, परदेशात काही भलतंसलतं नको. त्यांचं चूक नव्हतं. पण मूर्तीचा कार्यक्रम दोन दिवसांवर आला होता. मूर्ती न पाहता हा माणूस एकटा इंदोऱ्याला परत जाणार आणि घराचं कुलूप उघडणार, हे काही माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी बस समुद्राकाठच्या एका गावात थांबली. मंडळींसाठी एका भारतीय हॉटेलात पनीर, राजमा, नान अशी व्यवस्था होती. आधीच उशीर झाला होता, कारण रामटेकचे धोटे. स्वतः धानाचे शेतकरी. वाटेत भाताची खाचरं दिसली की हा माणूस बस थांबवायला लावायचा, बांधावर उतरून लोंबी बोटात धरायचा आणि ड्रायव्हरला मराठीत विचारायचा, "एकरी किती होते गा?"

त्या हॉटेलचं दार उघडलं, तळणीचा वास आला आणि काका पायरीवरूनच मागे फिरले.

"मले नुसता भात पायजे," ते म्हणाले. "बाकी काही नको."

आत नुसता भात नव्हता, पुलाव होता. आमच्या जपानी गाइडला मी मंडळींजवळ ठेवलं आणि काकांना घेऊन मागच्या गल्लीत शिरले. एका दारावर निळं कापड टांगलेलं होतं, आतून भाताच्या वाफेचा वास येत होता. खानावळ म्हणावी तर कोणाच्या तरी घराची पुढची खोली. एक लांब लाकडी फळी, तिच्यासमोर पाच-सहा स्टुलं. पलीकडे पांढरा ॲप्रन बांधलेली एक म्हातारी, एकटीच. शिजवणारी तीच, वाढणारी तीच, भांडी घासणारीही तीच असणार. तिने आम्हाला पाहून जे काही म्हटलं ते इतकं लांबलचक होतं, की मी मान लववून नुसती हसले.

तिने गरम ओला टॉवेल दिला. काकांनी त्याने तोंड पुसलं, मान पुसली आणि घडी करून खांद्यावर टाकला. तो नंतर तिथेच राहिला. मग तिने समोर मांडलं ते असं: भाताची वाटी, कसलीतरी पातळ आमटी, भाजलेल्या माशाचा एक तुकडा, मुळ्याचं पिवळं लोणचं. मला तिने खुणेने विचारलं. मी नको म्हटलं. मला परत मंडळींकडे जायचं होतं, माझं पान तिकडे होतं. तिने माझ्यापुढे नुसता चहा ठेवला.

काकांनी जेवायच्या काड्या बाजूला सारल्या आणि हाताने पहिला घास घेतला. मी दुसरीकडे पाहिल्यासारखं केलं. लहान मूल जेवायला लागलं की आपण पाहत नाही, तसं. भात चिकट होता, घास आपोआप होत होता. थोडा मासा, थोडा भात. वाटी संपत आली. बुडाशी एक घास उरला आणि काका थांबले. हात मागे घेतला.

म्हातारीने ती वाटी चटकन उचलली, भात भरून परत समोर ठेवली.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "आग्रह करतायत. घ्या." काका जेवले. पुन्हा बुडाशी एक घास ठेवून थांबले. पुन्हा तिने वाटी उचलली आणि भरली. आता तिच्या चेहऱ्यावर मोठं कौतुक होतं. काकांच्या चेहऱ्यावर मात्र काळजी.

"ताई, हे काय करून राहिली? मी तं पुरे म्हणून राहिलो."

"मग तसं दाखवा ना हाताने."

आपल्याकडे पंगतीत करतात तसा त्यांनी वाटीवर पंजा आडवा धरला. म्हातारीने प्रेमाने तो पंजा बाजूला केला. अन्न टाकायचं नाही हे काकांच्या हाडात मुरलेलं, त्यामुळे ते परत जेवायला लागले. कालपर्यंत यांची साखर उतरेल म्हणून माझा जीव टांगणीला होता, आता चढेल म्हणून लागला. मी मोबाइल काढला आणि भाषांतराच्या सोयीत लिहिलं, की यांचं पोट भरलं आहे. म्हातारीने चष्मा लावून वाचलं, गंभीर झाली, आत गेली आणि पोटदुखीच्या औषधाची पुडी घेऊन आली. ती पुडी तिने वाटीशेजारी ठेवली आणि वाटीत आणखी भात घातला.

शेवटी मी गाइडला फोन लावला. सगळं ऐकून तो इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग त्याने समजावून सांगितलं. त्यांच्याकडची जुनी घरगुती रीत आहे. वाटीत एक घास ठेवला, तर त्याचा अर्थ अजून वाढा. पुरे असेल, तर वाटी शेवटच्या शितापर्यंत रिकामी करायची. मी कपाळावर हात मारला. आपल्याकडे ताट रिकामं दिसलं की वाढणारी धावते, तिकडे रिकामं दिसलं की थांबते. काका पुरे पुरे म्हणत होते आणि ती आणा आणा ऐकत होती.

"काका, सोपं आहे," मी म्हणाले. "तो शेवटचा घासही खाऊन टाका. वाटी लख्ख करा. मग नाही वाढणार."

काकांनी वाटीकडे पाहिलं. घासाला हात लावला नाही.

"तो कसा खाऊ?" ते म्हणाले. "तो तिचा हाये."

मला आधी कळलंच नाही. मला वाटलं, म्हातारीचा म्हणतायत.

मग काकांनी सांगितलं. फार थोडक्यात, वाटीकडे पाहत. लग्न झालं तेव्हा घरात खाणारी तोंडं पुष्कळ. शकुंतलाबाई सगळ्यांना वाढून शेवटी बसायच्या. एकदा रात्री काकांनी पाहिलं, की पातेलं रिकामं आहे आणि बायको पाणी पिऊन उठली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपल्या ताटात एक घास ठेवायला सुरुवात केली. तोंडाने काही बोलले नाहीत. आईसमोर बोलायची सोयच नव्हती. ताट उचलायला शकुंतलाबाई यायच्या आणि तो घास उभ्याउभ्याच तोंडात टाकायच्या. पुढे नोकरी लागली, पातेली भरली, वेगळं घर झालं. घास ठेवायचं काही सुटलं नाही. "आता कायले ठेवता?" म्हणून त्या चिडवायच्या आणि खायच्या.

"घरी आता ताट कोणी उचलत नाही," काका म्हणाले. "ठेवलं तरी पंचाईत, न ठेवलं तरी पंचाईत. म्हणून ताटावर बसतच नाही मी." मग एकदम घाईने म्हणाले, "हे काही नैवेद्य-पिंड नव्हे बरं, ताई. आम्ही बौद्ध माणसं. मेल्यावरचं काही मानत नाही. ही आपली सवय हाये."

आजही मी हे कोणाला सांगितलं, तर ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. माझेही भरले होते, नाही म्हणत नाही. पण त्याच वेळी मला रागही आला होता. घरभर माणसं जेवून उठायची आणि वाढणारीच्या वाट्याला एक घास, तोही कोणी आठवणीने ठेवला तर. त्या घासाचं कौतुक करावं की त्या पातेल्याबद्दल भांडावं? आणि भांडावं तर कोणाशी? हा समोरचा माणूस तर त्या घरात तेवढं पाहणारा एकटाच होता. मी चहाचा कप हातात फिरवत बसले.

म्हातारी आमच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत होती. वाढण्याचा चमचा हातातच होता. काकांना वाटलं, तिला काहीतरी सांगायला हवं. त्यांनी वाटीतल्या घासाकडे बोट दाखवलं, मग शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे.

म्हातारीच्या कपाळावरची आठी गेली. "आ, आ," असं म्हणत ती वळली. रिकाम्या स्टुलासमोर तिने नवा टॉवेल ठेवला, काड्या ठेवल्या, लोणचं ठेवलं आणि वाफाळत्या भाताची एक वाटी ठेवली. मग हात पुसून दाराकडे पाहू लागली.

आमच्यातलं एक माणूस मागून येतंय, असं ती समजली होती.

काकांनी त्या दुसऱ्या वाटीकडे पाहिलं. मग आपल्या वाटीतला घास उचलून त्यांनी त्या भातावर ठेवला. त्यांची वाटी लख्ख झाली. म्हातारीने ती उचलली, या वेळी भरली नाही. आता तिचं सगळं लक्ष दाराकडे होतं. बाहेर सायकल वाजली की मान उंच करायची. दोनदा तिने मागच्या घड्याळाकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहून धीर देणारं हसली. येईल, येईल, असं. भात निवत चालला तशी तिने वाटीवर झाकण ठेवलं.

मी मोबाइल हातात घेतला. खरं काय ते लिहिणं दोन ओळींचं काम होतं.

"राहू द्या, ताई," काका म्हणाले. "वाट पाहून राहिली तं पाहू द्या थोडी."

मग आम्हीही पाहिली. तिघंही दाराकडे तोंड करून बसलो होतो. निळं कापड वाऱ्याने हलत होतं. आपण कोणाची वाट पाहतोय तेही मला ठाऊक होतं आणि कोणी येणार नाही तेही ठाऊक होतं, तरी माझ्याने उठवेना. शेवटी गाइडचा फोन आला, की मंडळी बसमध्ये बसली आहेत आणि तापली आहेत.

आम्ही उठलो तशी म्हातारी फार हळहळली. तिने झाकण काढलं, हात ओले केले, मीठ लावलं आणि त्या वाटीतला सगळा भात, वर ठेवलेल्या घासासकट, तळव्यावर घेऊन दाबून त्याचा मोठा गोळा केला. त्यात काहीतरी लाल भरलं, बाहेरून काळा पापुद्रा गुंडाळला, कागदात बांधला आणि दोन्ही हातांनी काकांना दिला. न आलेल्या माणसाला नेऊन द्या, हे सांगायला भाषा लागली नाही. काकांनीही दोन्ही हातांनी घेतला. वाकून नमस्कार केला, तेव्हा खांद्यावरचा टॉवेल खाली पडला. त्यांनी तो उचलून फळीवर नीट घडी करून ठेवला.

बसमध्ये चढताच धोट्यांनी तोंड सोडलं. "काय हो काका, दोघंच मस्त जेवत बसले! आम्ही इथं उन्हात वाळून राहिलो न गा!"

बस सुरू झाली तसे काका जागेवरून उठले, मधल्या वाटेत उभे राहिले आणि कागद सोडला.

"आमच्या घरच्यांचा डबा हाये हा," ते म्हणाले. "त्याहिनं सगळ्याइले वाढल्याशिवाय कधी खाल्लं नाही. थोडं थोडं घ्या."

मंडळींना काय वाटलं कोण जाणे. त्यांच्या घरी काय घडलं हे सगळ्यांना माहीत होतं, पण हा भात कुठून आला ते कोणालाच माहीत नव्हतं. काकांचा तोल जाऊ नये म्हणून मी मागून त्यांचा दंड धरून चालत होते. ते एकेका आसनापाशी थांबून चिमूटभर भात तळहातावर ठेवत होते. कोणी विचारलं नाही, कोणी नको म्हटलं नाही. धोट्यांनी चार शितं बोटात चुरडून पाहिली, "गिचका आहे," म्हणाले आणि गपकन तोंडात टाकून खिडकीबाहेर पाहत बसले.

शेवटच्या आसनापर्यंत पोचलो तेव्हा कागदात एकच घास उरला होता. काका त्याच्याकडे पाहत उभे राहिले. मला वाटलं, आता हा घास कागदात तसाच राहणार, संध्याकाळी पुन्हा उपास, आणि रात्री मला त्यांची बॅग भरायला घ्यावी लागणार.

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"ताई, तुमी जेवल्या का?"

माझं पान त्या भारतीय हॉटेलात होतं, आणि ते हॉटेल कधीच मागे पडलं होतं. मला भूक लागली आहे हेही त्याच क्षणी कळलं. इतक्या वर्षांत इतक्या लोकांनी मला चहा कुठे, संडास कुठे, माझं पान कुठे असं विचारलं. हा प्रश्न कोणी विचारल्याचं आठवेना.

"घ्या," त्यांनी कागद पुढे केला. "हा तुमचा."

मी घेतला. एका हाताने वरची दांडी धरून, हलत्या बसमध्ये, उभ्याउभ्याच तोंडात टाकला. खारट होता, मधोमध काहीतरी जबरदस्त आंबट होतं. काकांनी कागद उलटा करून झटकला, घडी करून खिशात ठेवला आणि आपल्या जागेवर जाऊन बसले.

तेवढ्यात नागपूरहून फोन आला. "ताई, मेश्राम काकांचं परतीचं तिकीट काढायचं ना? लवकर सांगा." तोंडात घास होता, बोलता येईना. मी नुसतीच मान हलवत राहिले. तिकडून हॅलो, हॅलो चाललं होतं. मग तो घास मी नीट चावून गिळला आणि नको म्हणाले.